डावी बाजू चार बोटं कमी

हे मी एका बाईसाठी लिहितेय, जिला मी अजून पाहिलेलं नाही. ती कन्नडला राहते, वयानं माझ्याच आसपासची आहे, छातीत गाठ निघालीय आणि केमोचं नाव ऐकल्यापासून तिनं जेवण सोडलंय, एवढंच मला कळलंय. तिच्यासाठी मी का लिहायला बसले, ते शेवटी सांगते. आधी माझं.

मी संध्या. वय सत्तेचाळीस. फुलंब्रीला एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघते, रोज संभाजीनगरहून जाऊन-येऊन. डॉक्टरी माहिती माझ्याकडं मागू नका, ताई. ती डॉक्टरांना विचारायची, आणि कळेपर्यंत विचारायची, लाजायचं नाही. मी फक्त ते वर्ष कसं गेलं ते सांगणार. आणि एका स्वेटरचं सांगणार, कारण तो विणायला नसता तर माझं डोकं फिरलं असतं.

रिपोर्टचा दिवस

त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. मनात हिशोब साधा होता. रिपोर्ट घ्यायचा, ‘काही नाही, साधी गाठ आहे’ हे ऐकायचं आणि येताना औरंगपुऱ्यातून भाजी घेऊन घरी यायचं. डॉक्टरांनी पाकीट उघडलं, वाचलं, आणि माझ्या नवऱ्याकडं बघून बोलायला लागले. “सर, हे बघा, मिसेसना...” मिसेस तिथंच, शेजारच्या खुर्चीत बसलेली! मी म्हटलं, “डॉक्टर, गाठ माझ्या अंगात आहे. माझ्याकडं बघून बोला.”

ते चपापले. मग माझ्याकडं वळून त्यांनी सगळं नीट सांगितलं. डाव्या बाजूला कॅन्सर आहे. आधी केमोच्या आठ सायकली, मग ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. मी मान डोलावत होते. एवढं ठणकावून बोलणारी मी, पण त्यातलं निम्मं माझ्या कानात शिरलंच नाही. हे तुमचंही होईल, ताई. सोबत जो येईल त्याच्या हातात वही द्या.

खाली पार्किंगमध्ये आमच्या ह्यांना स्कूटरला किल्ली लावता येईना. हे शाळेत गणित शिकवतात, वर्गात पोरं ह्यांना टरकून असतात, आणि इथं किल्ली उलटी-सुलटी करत उभे. शेवटी मीच लावली. गाडीही मीच चालवत आणली. हे मागं बसले होते, माझी पर्स मांडीवर घेऊन.

घरी आत्याबाई मेथी निवडत होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, माहेर वैजापूरकडचं, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत आणि जीभ अशी की समोरच्यानं गप्पच बसावं. चप्पल काढता काढता मी सांगून टाकलं, “आत्याबाई, कॅन्सर निघाला.” त्यांनी मान वर केली. “व्हय?” म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडं वळल्या. बस्स. सव्वीस वर्षं ह्या बाईबरोबर एका स्वयंपाकघरात काढली, आणि माझ्या वाट्याला काय आलं, तर एक ‘व्हय’! त्या एका शब्दाचा राग मी कितीतरी महिने पोसला.

त्या दिवशीची भाजी मात्र खाता येईना. नुसत्या काड्या होत्या. पानं सगळी कचऱ्यात गेली होती. आम्ही तिघं मुकाट्यानं काड्या चावत बसलो.

मुलगा रोहन नागपूरला हॉस्टेलवर होता, त्याची परीक्षा चालू होती. पेपर संपेपर्यंत त्याला सांगायचं नाही, असं मी बजावलं होतं. ह्यांनी दुसऱ्या दिवशीच फोन करून सांगितलं आणि वर फोनवरच रडले. मी इतकी चिडले की दोन दिवस बोलले नाही. आता वाटतं, त्यांनी तरी कुणापाशी रडायचं? माझ्यापाशी तर मी रडू देत नव्हते.

मे महिन्यात थंडी

पहिली केमो मे महिन्यात. बाहेर संभाजीनगरचं ऊन म्हणजे डांबराला चप्पल चिकटेल असं, आणि आत त्या केमोच्या खोलीत एसी. रांगेनं खुर्च्या, प्रत्येकीच्या हाताला सलाईन. ते गार पाणी नसेतून वर चढायला लागलं आणि माझे दात वाजायला लागले. ह्यांनी सत्कारात मिळालेली शाल आणली होती. आदर्श शिक्षक म्हणून मिळालेली, जरीच्या काठाची. ती घसरून घसरून पायात यायची आणि काठ मानेला टोचायचा.

तिथली सिस्टर म्हणाली, “मावशी, पुढून उघडणारा, ढगळ बाह्यांचा स्वेटर आणत जा. सलाईनच्या हातातनं काढता-घालता आला पाहिजे.” स्वेटरचं पटलं. ‘मावशी’ नाही पटलं. पण पोरगी गोड होती, पहिल्याच टोचण्यात शीर शोधायची, म्हणून माफ केलं.

घरी पेटी उघडली तर एकही स्वेटर पुढून उघडणारा नाही. मी म्हटलं, विणते. क्रोशा मला शाळेत असताना शिकवलेला होता, आणि आमच्या घरात तर क्रोशाचं पीकच आहे. टीव्हीवर रुमाल, फ्रिजवर रुमाल, माठावर झाकण, दाराला तोरण. सगळी आत्याबाईंची करणी. इतकी वर्षं मी ह्या रुमालांना नावं ठेवली. आता मात्र त्यांच्या डब्यातून गुपचूप चार नंबरची सुई काढून घेतली.

लोकर आणायला गुलमंडीवर गेलो. दुकानातले चाचा माझ्याकडं बघतच राहिले. “आपा, इत्ती धूप में ऊन? क्या तो भी बोलतीं! माल सब ऊपर बांध के रक्खा.” मी म्हटलं, “चाचा, केमो चालू है मेरा. वहां ठंड लगती.” घराबाहेरच्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते, आणि सांगताना आवाज अजिबात कापला नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं. चाचा स्वतः शिडी लावून माळ्यावर चढले. तीन-चार लड्या आपल्याच मानेवर घासून बघितल्या आणि विटकरी रंगाची माझ्यापुढं ठेवली. “ये ले जाओ. ये चुभती नहीं.”

आत्याबाईंनी लोकर बघितली, सुई ओळखली, आणि म्हणाल्या, “माप घेतलं का?” मी टेप शोधायला लागले. त्यांना टेप वाचता येत नाही. त्या दोऱ्यानं माप घेतात. पाठीच्या मध्यापासून काखेपर्यंत एक गाठ, काखेपासून बटणाच्या रेषेपर्यंत दुसरी, मग तेच दुसऱ्या अंगाला. अशा गाठी मारलेला दोरा खिळ्याला टांगायचा आणि टाके त्याला लावून बघायचे. पन्नास वर्षांत त्यांचा एक स्वेटर कुणाला आखूड झालेला नाही. माझा दोरा त्यांनी देवघराशेजारच्या खिळ्याला टांगला. डावी-उजवी, दोन्हीकडच्या गाठी अगदी सारख्या.

पाच दिवस काही नाही

केमो दर एकवीस दिवसांनी. त्यातले पहिले पाच दिवस काहीच व्हायचं नाही. फोडणीचा वास आला तरी पोट ढवळायचं. तोंडाला लोखंडाची चव. पडून राहायचं आणि पंखा बघायचा. ह्या पाच दिवसांत स्वतःला शहाणपण शिकवायला जाऊ नका, ताई. मी प्रयत्न केला, नुसती चिडचिड झाली.

सहाव्या दिवशी उठून गॅलरीत बसायचं आणि सुई हातात घ्यायची. आधी साखळी, मग साखळीवर खांबांच्या ओळी. एक ओळ झाली की दम लागायचा. आठव्या दिवशी दोन ओळी. दहाव्या दिवशी पाच. पुढची केमो किती दिवसांवर आली हे मी कॅलेंडर बघून मोजत नव्हते, पाठ किती वर आली ते बघून मोजत होते. केस दुसऱ्या सायकलीत गेले. उशीवर, मोरीत, ताटात. मी न्हाव्याला घरी बोलावलं आणि सगळे काढून टाकले. आरशात बघितलं तर माझे वडील दिसले! हसू आलं आणि रडूही आलं, एकाच वेळी.

आत्याबाई शेजारी बसून शेंगा सोलत नाहीतर गहू निवडत असायच्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात पडदा, पण माझा टाका चुकला की त्यांना न बघता कळायचं. “लई घट्ट विणतीस. लोकर हाय ती, जनावर न्हाय बांधायचं.” मी सैल करायचे. थोड्या वेळानं पुन्हा घट्ट.

माझं खोटं

आजारी माणसाला बघायला जायची आपल्याकडं रीत आहे. चांगली रीत आहे, पण तिचा पार जीव घेतात लोक. चौघीचौघी यायच्या, शहाळी आणायच्या, पलंगाभोवती बसायच्या आणि सुरू. “आमच्या गल्लीत एकीला असंच झालं होतं, बिचारी...” आणि तिथंच थांबायच्या. अहो, पुढचं बोला तरी! मी नंतर नंतर झोपेचं सोंग घ्यायला शिकले. तुम्हीही शिका.

तर तिसऱ्या सायकलीच्या सुमाराला पैठणहून वन्सं आल्या. वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. मनानं खूप प्रेमळ, पण पोटात काही राहत नाही. माझ्या मांडीवरची लोकर बघून म्हणाल्या, “हे कुणासाठी गं? कुणाकडं गोड बातमी आहे का?”

आणि मी पटकन म्हणाले, “तुमच्या सोनलसाठी.”

का म्हणाले? आमच्या घरात कुठल्याच बाईनं स्वतःसाठी विणलेलं नाही. बाळांसाठी विणतात, जावयासाठी विणतात, भाच्यांसाठी विणतात. डोक्यावर केस नसलेली बाई स्वतःसाठी स्वेटर विणत बसलीय म्हटलं की, ‘हिला नटायचं सुचतंय’ असं कुणी म्हणेल, ह्याची मला भीड पडली. हे झालं वरवरचं. आतलं असं होतं की, मी मेले तर? माझ्या मापाचा अर्धवट स्वेटर घरात पडून राहील आणि हे तो बघत बसतील. सोनलचा असला तर निदान तिच्या अंगावर जाईल. सोनल, म्हणजे वन्संची मुलगी, माझ्याच अंगाची आहे, तेच माप चालणार होतं.

वन्संच्या डोळ्यांत पाणीच आलं. तासाभरात पुण्याहून सोनलचा फोन. “मामी! एवढी केमो चालू असताना तू माझ्यासाठी...” नाक ओढत म्हणाली, “मामी, खिसे ठेवशील? मोठे?” मी म्हटलं, “ठेवते की.” झालं! आता मागं फिरायची सोय राहिली नाही.

आत्याबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी खिळ्याला टांगलेल्या दोऱ्याकडं एकदा बघितलं आणि आत निघून गेल्या.

ह्या खोट्याची मजा बघा. ज्या थंडीसाठी स्वेटर विणायला घेतला, त्या थंडीत मी आठही सायकली सत्काराच्या शालीत कुडकुडत काढल्या. दुसऱ्याची वस्तू, आपण कशी वापरायची? पुढं पुढं स्वेटर बराचसा जोडून झाला होता, घरी कपाटात घडी घालून ठेवला होता, आणि मी तिकडं दात वाजवत बसले होते. ह्याला शहाणपण म्हणायचं का?

मुंग्या

पाचव्या सायकलीपासून औषध बदललं आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी टोकांना, मग सुईच हातात आहे की नाही ते कळेना. डॉक्टर दर वेळी विचारायचे, “बधिरपणा? मुंग्या?” मी म्हणायचे, “नाही.” भीती ही की ते विणणं बंद करायला सांगतील. विणणं बंद झालं तर त्या सोळा दिवसांत मी करू काय?

एके दुपारी आत्याबाईंनी बाहीवरून बोट फिरवलं आणि थांबल्या. “हे टाके तुझे न्हायत.”

“माझेच आहेत. घरात दुसरं कोण विणतंय?”

“तुझे घट्ट ऱ्हातेत. हे ढिले हायेत, एक लहान, एक मोठा. हाताला काय झालं?”

मी सांगितलं. त्या ह्यांना हाक मारून म्हणाल्या, “बाळू, हिला उद्याच्याला दवाखान्यात ने. आन तिथं ही खोटं बोलली तर तू खरं सांग.” डॉक्टर रागावले नाहीत. औषधाचं प्रमाण थोडं कमी केलं, गोळ्या दिल्या, आणि विणायचं थांबवू नका, उलट बोटं हलती ठेवा म्हणाले. म्हणजे एवढे दिवस मी फुकट लपवलं! ताई, सोसण्यात आपल्या बायकांचा हात कुणी धरणार नाही, पण इथं त्याची बक्षिसं नाहीत. दुखतंय तर दुखतंय म्हणा.

पिशवी

नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. डावी बाजू पूर्ण काढली. मला आधी सगळं समजावलेलं होतं, सही मीच केली होती. तरी शुद्धीवर आल्यावर हात तिकडं न्यायची हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी घरी सोडलं, ते काखेतून निघालेली नळी आणि तिला लावलेली प्लॅस्टिकची बाटली सोबत घेऊन. त्यात लालसर पाणी साठायचं. ही बाटली हातात धरून घरात फिरायचं, संडासाला जायचं, आल्या-गेल्यांसमोर बसायचं. मला त्या बाटलीची इतकी शरम वाटायची की काय सांगू. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर उशाशी विटकरी लोकरीची छोटी पिशवी. गळ्यात अडकवायला लांब बंद, बाटली आत बरोब्बर बसेल एवढीच. आत्याबाईंनी उरलेल्या लोकरीची विणली होती, एका डोळ्यानं. मी म्हटलं, “आत्याबाई, ही कधी केली?” तर म्हणाल्या, “तू घोरत व्हतीस तवा.” पुढचे दहा दिवस ती पिशवी माझ्या गळ्यात होती, आणि लोकांना वाटायचं मोबाईलची आहे.

टाके निघाले. जखम भरली. पण मी आंघोळ करताना आरशाकडं पाठ करायचे. साडीचा पदर डावीकडं दुहेरी घ्यायचे. हे बिचारे ड्रेसिंग करायला पुढं आले की मी म्हणायचे, सिस्टरकडून करून घेईन. त्यांनी एकदा विचारलं, “मला का दूर ठेवतेस?” मी पदर आणखी ओढून घेतला. ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

एका दुपारी दार लावून घेतलं आणि कपाटातला स्वेटर काढला. नुसती किनार आणि बटणं राहिली होती. अंगात घातला. उजवीकडं छान बसला. डावीकडं सगळी लोकर रिकामी लोंबत होती, रिकाम्या पोत्यासारखी. मी तो काढला, घडी घातली आणि स्वतःला म्हटलं, बरं झालं बाई, सोनलचाच आहे. माझं खोटं आता फार सोयीचं झालं होतं. त्या घडीवर तोंड दाबून मी जी रडले, तेवढी रिपोर्टच्या दिवशीसुद्धा रडले नव्हते.

माप

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, “पुण्याला पार्सल करायचंय, खोकं आणा.” हे शाळेत गेले. आत्याबाई दोरा घेऊन माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

“उठ. सरळ उभी ऱ्हा.”

“कशाला?”

“माप घ्यायचंय.”

“कुणाचं?”

“हितं दुसरं कोन हाय? पदर काढ.”

मी काढेना. त्या थांबून राहिल्या. घाई नाही, समजूत नाही, काही नाही. शेवटी मी पदर काढला. त्यांनी उजव्या अंगाला दोरा लावला, गाठ मारली. मग डाव्या अंगाला. त्यांचा तळहात सरळ त्या सपाट जागेवर टेकला, जिथं मी स्वतःसुद्धा हात लावला नव्हता. हात गार होता आणि लसणाचा वास येत होता.

“दुखतंय?”

“नाही. बधिर आहे.”

“बरं. हात वर कर.”

गाठ मारली. मग खिळ्यावरचा जुना दोरा काढला आणि नव्याला लावून माझ्यापुढं धरला. उजवीकडच्या गाठी जिथल्या तिथं. डावीकडची अलीकडं आली होती. त्यांनी मध्ये बोटं ठेवून बघितली. “चार बोटं कमी,” म्हणाल्या, पोळ्या कमी पडल्यावर म्हणतात तशाच आवाजात. आणि खाली बसून स्वेटर मांडीवर घेतला, डाव्या बाजूची शिवण शोधली आणि उसवायला सुरुवात केली.

“आत्याबाई! अहो, सोनलचा आहे तो!”

“सोनलला बाजारातनं घिऊ. मी पन्नास वर्सं इनलं. समद्यायला इनलं. एक बी माझ्या अंगाला लागलं न्हाय. तवा मला बी कुनी इचारलं की मी म्हनायची, ह्याचं हाय, त्याचं हाय.” त्यांनी धागा ओढला. “तू नको तसं करू.”

मी तिथंच फरशीवर बसले. इतके महिने पोसलेला राग तोंडातून निघालाच. “रिपोर्टच्या दिवशी तुम्ही नुसतं ‘व्हय’ म्हणालात. तुम्हाला काहीच वाटलं नाही का हो?”

त्या उसवायच्या थांबल्या. “पानं फेकून काड्या शिजवल्या मी,” म्हणाल्या. “आजून काय वाटायचं ऱ्हातं?”

मग आम्ही दोघी रडलो आणि रडता रडता हसलो. लोकरीचा गुंडा घरंगळत पलंगाखाली गेला, तो काढायला दोघींनाही वाकता येईना. तो संध्याकाळी ह्यांनी काढला, खोकं बाजूला ठेवून. त्या संध्याकाळी मी ह्यांनाही पदर काढून दाखवलं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले, आणि मी त्यांना रडू दिलं.

सोनलला फोन करून खरं सांगायचं धाडस मीच केलं. ती फोनवर खो खो हसत सुटली. “मामी, मी आयुष्यात कधी स्वेटर घातलाय? मला वाटलं, मी नको म्हटलं तर तू विणायचं सोडून देशील. म्हणून तर खिसे सांगितले, अजून काम वाढावं म्हणून!” घ्या. म्हणजे दोन्हीकडून खोटंच चाललं होतं.

डावी बाजू मी पुन्हा विणली, शेक चालू असताना, सकाळी दवाखाना आणि दुपारी गॅलरी. प्रत्येक ओळीत खांब कमी. पूर्ण झाल्यावर पलंगावर पसरून बघितला तर चक्क वाकडा. मी म्हटलं, “हे काय ध्यान झालंय!” आत्याबाई म्हणाल्या, “आधी अंगात घाल, मग बोल.”

घातला. बटणं लावली. बटणांची रेघ गळ्यापासून खालपर्यंत सरळ उतरली, इकडं नाही, तिकडं नाही. मी आरशासमोर गेले आणि ह्या वेळी पाठ केली नाही. मला आनंद झाला. खूप दिवसांनी, साधा, नव्या कपड्याचा होतो तसला आनंद.

फुलंब्रीची बस

जानेवारीच्या शेवटी कामावर रुजू झाले. पहिल्या दिवशी सकाळी फुलंब्रीवरून लांबून कन्नडला जाणारी एसटी, खिडकी बंद होत नव्हती, गार वारा येत होता. डोक्यावर बोटभर केस, अंगात विटकरी स्वेटर, हात खिशात. शेजारी एक बाई बसल्या, कन्नडला चाललेल्या, मांडीवर बोचकं. त्यांची नजर माझ्या बाहीवरून हटेना.

“कुठं घेतला ओ?”

“घेतला नाही. विणलाय.”

“बघू की.”

बटणं सोडून मी काढून दिला. विणणाऱ्या बाईचे हात लगेच ओळखू येतात. त्यांनी उलटा करून शिवणी बघितल्या, खिसे बघितले, मग दोन्ही पुढच्या बाजू एकावर एक ठेवल्या आणि चुकचुकल्या. “अरारा! ही बाजू कमी झालीय बघा. खांब चुकले तुमचे. येवढं चांगलं काम, वाया जाईल. उसवून घ्या.”

कंडक्टर शेजारी उभा होता. पुढं दोन कॉलेजच्या पोरी. मी म्हटलं, “खांब चुकले नाहीत. माझं माप तसंच आहे. कॅन्सर झाला होता, डावी बाजू काढलीय.”

त्या बाईंचा हात स्वेटरवर तसाच राहिला. मग हळूच म्हणाल्या, “माझ्या जावेला निघालाय. आठ दिवस झाले रिपोर्ट येऊन. जेवतच नाय ती. तिच्याकडंच चालले मी. तिला काय सांगू?”

“क्रोशा येतो का त्यांना?”

“येतो की. माझ्यापेक्षा भारी.”

फुलंब्री येईपर्यंत मी जमेल तेवढं सांगितलं. उरलेलं लिहून पाठवते म्हटलं, ते हे. उतरायच्या वेळी त्या उभ्या राहिल्या आणि स्वेटर माझ्यामागं धरला. माझा डावा हात अजून नीट मागं जात नाही, हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक, पण त्यांनी आधी डावी बाही पुढं केली.

तर ताई, दोन घास जेवा. मऊ लोकर आणवून घ्या, मानेवर घासून बघून. घरात कुणाला तरी दोऱ्यानं माप घ्यायला लावा, आणि तो दोरा जपून ठेवा, पुढं लागेल. आणि बघायला येणाऱ्या बायका विचारतीलच, हे कुणासाठी विणताय म्हणून. तेव्हा माझ्यासारखं करू नका. माझ्यासाठी, म्हणा.